यजमानाचं पान

पाट मागायला घरचा गडी गेला असता तरी चाललं असतं. पण आपल्या घरची पंगत, आणि लोकांच्या दारात पाट मागायला गडी, हे अंबूताईंना पटण्यातलं नव्हतं. पदर खोचून त्या स्वतःच निघाल्या. धारवाडच्या बाहेर, रायापूरच्या बाजूला त्यांचं घर. समोर हुबळीचा रस्ता, मागे आमराई, आणि शेजार म्हणाल तर चार हाका मारल्यावर एक ओ येईल इतक्या लांब. मुकुंदराव शाळामास्तरकीतून मोकळे झाले तेव्हा गावातली जागा काही परवडेना, म्हणून माळावर घर बांधलं. येईल त्याला ते सांगायचे की इथली हवा फार चांगली. अंबूताई म्हणायच्या, हवा आहे हो, खायला माणसं तेवढी नाहीत.

उद्या मात्र माणसं यायची होती. त्यांच्या मुलाच्या, प्रभंजनच्या मंडळाची पंगत होती.

हे मंडळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. मुकुंदरावांच्या बदल्या गावोगाव व्हायच्या, म्हणून प्रभंजनला लहानपणी धारवाडच्या एका शाळेच्या बोर्डिंगात ठेवलेलं. त्या बोर्डिंगातली पोरं पुढे मोठी झाली. कुणी वकील झालं, कुणी मास्तर, कुणी हुबळीच्या बाजारात बापाच्या गादीवर बसलं, पण एकमेकांना काही सोडलं नाही. माजी विद्यार्थी मंडळ असं भारदस्त नाव घेऊन ती वर्षातून एकदा कुणा एकाच्या घरी जमायची आणि पोटभर जेवायची. भाषण नाही, ठराव नाही. नियम एकच, तोही बोर्डिंगातून आलेला. ज्याच्या घरी पंगत तो यजमान, त्याचं पान शेवटी, स्वयंपाकघराच्या दाराशी. आणि तो उठल्याशिवाय पंगतीतलं कुणी उठायचं नाही. प्रभंजन जेवायला अतोनात सावकाश. बोर्डिंगात यजमानपणाची पाळी त्याची आली की सगळ्यांनी कितीतरी वेळ हात वाळवत बसून काढलेला होता, आणि त्यावरून शिव्याही भरपूर दिल्या होत्या.

प्रभंजन डॉक्टर झाला, लष्करात गेला, आणि लढाई पेटली त्या वर्षांत त्याला सिंगापूरकडे पाठवलं. जायच्या आधी मंडळाची पंगत हणमंतरावांकडे, हुबळीला लॅमिंग्टन रोडवर झाली होती. हणमंतराव हे त्याचे जिवलग, वकिली करायचे. तिथे उठताना प्रभंजनने सांगून टाकलं की पुढची पंगत माझ्याकडे, मी आलो की. त्यानंतर सिंगापूर पडलं. लष्कराचा कागद आला, त्यात तो बेपत्ता असल्याचं होतं. लढाई संपली, कैदेतले लोक परत आले, बेळगावच्या छावणीत उतरले. मुकुंदराव तिथे जाऊन प्रत्येकाला विचारून आले. एकजण म्हणाला, ब्रह्मदेशाच्या जंगलात रुळाच्या कामावर होता, आजाऱ्यांना बघायचा. पुढचं त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

घरात आता तिघंच. मुकुंदराव, अंबूताई आणि सून शकुंतला. प्रभंजन गेला तेव्हा शकुंतलेच्या लग्नाला जेमतेम दोन दिवाळ्या झाल्या होत्या. पोर हुशार. बेळगावात तिच्या भावाने ट्रेनिंग कॉलेजात तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. संक्रांतीनंतर जायचं, शिकून मास्तरीण व्हायचं. पण शकुंतला घर सोडायला तयार नव्हती. बेळगाव राहू द्या, ती गावात लग्नकार्यालाही जात नसे. ते आले आणि मी घरात नसले तर, एवढंच म्हणायची.

अंबूताईंची तर पुरती कोंडी झालेली. पोरीने जावं, तिचं आयुष्य असं दाराकडे बघण्यात सरू नये, हे त्यांना कळत होतं. पण जा म्हणायचं म्हणजे तो यायचा नाही असं म्हणायचं, आणि ते आईच्या तोंडून निघेना. आणखीही एक होतं, जे त्या देवापुढेही बोलल्या नव्हत्या. शकू गेली तर वाट बघायला आपण एकट्याच उरू, याची त्यांना धास्ती होती. मंडळातलेच बाळाचार्य एकदा शास्त्र सांगू लागले होते की बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून विधी करायचा. अंबूताईंनी त्यांना चहासुद्धा न देता वाटेला लावलं होतं.

दिवाळीनंतर हणमंतराव आले, टोपी हातात फिरवत बसले आणि अडखळत म्हणाले की मंडळी पुन्हा जमायचं म्हणतात, तर यंदा आणखी कुणाच्या घरी ठेवू या का? मुकुंदराव मान डोलावणार, एवढ्यात दाराआडून शकुंतला बोलली.

"आमच्याकडेच होईल. त्यांनी बोलावून ठेवलंय ना."

झालं. त्यापुढे कुणाची छाती होती?

ते दिवस रेशनचे. गहू मिळेना, साखर दिसेना. मंडळींनी आपापल्या घरून थोडं थोडं पीठ, डाळ, गूळ आगाऊ पाठवून दिला. पाट गोळा करून आणले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेपासून अंबूताई आणि शकुंतला चुलीपुढे होत्या. आमच्याकडे पुरणपोळीला होळगी म्हणतात. होळग्यांची चळत वाढत गेली तसा घरभर वेलदोड्याचा आणि खरपूस गुळाचा वास भरला. अंबूताईंना वाटलं, घराला किती दिवसांनी वास आला. इतके दिवस आपण नुसतं शिजवत होतो.

दुपारी सोप्यात दोन रांगा मांडल्या. शहाबादी फरशी पुसून घेतली, पाट मांडले, केळीची पानं टाकली. मुकुंदराव म्हणाले, प्रभंजनच्या पानावर मी बसतो, रिकामं बरं दिसत नाही. अंबूताईंनी त्यांना मानेनेच नाही म्हटलं. मुलाच्या पानावर बापाने बसायचं नसतं. ते पान तसंच, शेवटी, दाराशी राहिलं.

शकुंतला पानापानाभोवती रांगोळी घालत आली. शेवटच्या पानाला तिने जरा निगुतीने घातली, कोपऱ्यावर वेलसुद्धा काढली, आणि उदबत्त्या आणायला आत गेली. बाहेर येते तो फरशी मोकळी. तिला वाटलं, वाऱ्याने गेली. पुन्हा घातली. अंबूताई पाण्याचे तांबे ठेवत होत्या, त्यांचं लक्ष गेलं. रेघ फरशीवर पडत होती आणि बघता बघता विरत होती. वारा होता म्हणावं, तर उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता.

"राहू दे, मी घालते," त्या म्हणाल्या आणि डबा स्वतःकडे घेतला.

त्यांनी चिमूट भरून जाड रेघ ओढली. ही राहिली. पण पांढरी राहीना. आधी मळकी झाली, मग करडी. अंबूताईंनी बोट लावून पाहिलं. रांगोळीची कचकच नव्हती. मऊ होतं, आणि कोमट.

श्राद्धाच्या पानाला रांगोळी घालत नाहीत, भस्माची रेघ ओढतात. हे अंबूताईंना कुणी सांगायला नको होतं. सासू-सासऱ्यांच्या श्राद्धाला भस्म चाळून त्यांनीच दिलेलं होतं. क्षणभर त्या तशाच वाकून राहिल्या. मग ओल्या फडक्याने सगळं पुसून काढलं आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या की फरशीला ओल आलीय, नाही तर नाही. घरच्या माणसाला कसली आलीय रांगोळी! शकुंतलेने हो म्हटलं. ती त्या जागेकडे बघत होती.

मंडळी आली. रायापूरला बसगाडीतून उतरून, लाल धुळीने धोतरं माखून, हसत बोलत आली. हणमंतराव यजमानाच्या पानाशेजारी बसले, ती त्यांची जागाच होती. मुकुंदराव पलीकडच्या टोकाला. अंबूताईंनी शेवटचं पानही इतरांसारखंच वाढलं. मीठ, चटणी, कोशिंबीर, घेवड्याची उसळ, चित्रान्न, होळगी. शकुंतलेने तूप वाढलं. बाळाचार्यांनी मोठ्याने गोविंद म्हटलं आणि पंगत सुरू झाली.

तेवढ्यात पाट करकरला.

आवाज काही मोठा नव्हता. माणूस मांडी घालून बसला की जुना पाट करतो तेवढाच. पण तो शेवटचा पाट होता. हणमंतराव बाजारभावाचं काहीतरी सांगत होते, ते बोलता बोलता थोडे बाजूला सरकले. गुडघ्याला गुडघा लागू नये म्हणून आपण सरकतो तसे. आपण सरकलो हे त्यांचं त्यांनाही कळलं नसावं, कारण गोष्ट तशीच पुढे चालू राहिली.

अंबूताई भात घेऊन त्या पानाशी वाकल्या आणि त्यांना वास आला. भिजून कुजलेल्या पाल्याचा, चिखलाचा, खूप दिवस न वाळलेल्या कपड्यांचा. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते. आमराईत पाचोळा कुरकुरत होता, सगळं कोरडंठाक. आणि त्या ओल्या वासाखाली दुसरा एक पुसट वास, डॉक्टरांची बॅग उघडली की येतो तो. अंबूताईंच्या हातातला चमचा भातावर तसाच थांबला. समोर पाट रिकामाच होता. पाटाच्या मागची भिंत दिसत होती, भिंतीवरची खुंटी दिसत होती. पण त्या जागी गारवा असा साचला होता की त्यांच्या हाताला काटा आला.

त्या आत गेल्या, पाणी प्यायल्या, आमटी घेऊन परत आल्या. पानावरच्या होळगीच्या कडा नव्हत्या. गोल गोल फिरवून कुणी नीट तोडून खाव्यात तशा गेल्या होत्या आणि मधलं पुरणाचं तेवढं राहिलं होतं. लहानपणापासून तो असाच खायचा. कडा आधी, मधलं शेवटी.

भीती वाटली का? वाटली तर. दाराची चौकट धरून उभं राहावं लागलं इतकी वाटली. पण भीतीच्याही आधी त्यांच्या मनात आलं ते वेगळंच. पोर उपाशी आहे. किती दिवसांचं उपाशी आहे कोण जाणे. त्यांनी आमटी ठेवली, धावत आत गेल्या आणि आणखी एक होळगी आणून त्या पानात घातली. वर तूप सोडलं.

मग त्यांचं पंगतीकडे लक्षच राहिलं नाही. बाकीच्यांना शकुंतला वाढत होती. अंबूताई आत जायच्या, काहीतरी घेऊन यायच्या, शेवटच्या पानात घालायच्या. बघत राहिलं की पान जिथल्या तिथे, आणि पाठ वळली की घास दोन घास कमी. त्या मनात म्हणत होत्या, जेव बाळा, सावकाश जेव. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्या खांद्याने टिपत होत्या, कारण दोन्ही हातांत वाढायचं होतं.

मंडळींचे दहीभात झाले. बोटं चाटून झाली. पण कुणी उठलं नाही.

आधी गप्पा चालू होत्या, मग त्या आपोआप खाली आल्या आणि थांबल्या. सगळे उष्टे हात पानावर धरून बसले होते. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सोप्यातलं ऊन उंबऱ्यापर्यंत मागे गेलं, मग अंगणात उतरलं. बोटांवर अन्न वाळून पांढरं पडलं. मोठमोठे वकील, मास्तर, दुकानदार, पण बोर्डिंगातल्या पोरांसारखे मान खाली घालून बसून होते. बाळाचार्यांचे ओठ हलत होते, त्यातून शब्द फुटत नव्हता. मुकुंदरावांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला होता.

शेवटी हणमंतराव अगदी हळू बोलले. मान वळवायचं त्यांना धैर्य नव्हतं.

"काकू... त्याचं व्हायचंय अजून."

"होऊ दे," अंबूताई म्हणाल्या. "कुणाला घाई आहे?"

त्या पुन्हा आत गेल्या. चळत संपली होती. टोपलीत एकच होळगी राहिली होती. तीच घेऊन त्या दारात आल्या तर दारात शकुंतला उभी. तिच्या हातात दहीभाताचं पातेलं होतं.

"आत्याबाई, मी दहीभात वाढते."

अंबूताईंना कळलं. दहीभात म्हणजे जेवणाचा शेवट. तो मुद्दाम त्यांनी आतापर्यंत त्या पानापर्यंत येऊच दिला नव्हता.

"थांब गं, एवढी एक होळगी..."

"आत्याबाई."

"उपाशी आहे गं तो."

"मला दिसतंय," शकुंतला म्हणाली. पातेलं तिच्या हातात घट्ट होतं. "पण तुम्ही वाढत राहिलात तर ते उठतील कसे? भरल्या पानावरून कुणी उठतं का?"

मुलाला आग्रह करून करून वाढणं एवढंच अंबूताईंना येत होतं, आणि तेच आता त्याला अडवून धरत होतं. हातातली होळगी त्यांनी पानात टाकली, ती शेवटची, आणि त्या बाजूला झाल्या. आयुष्यात त्यांना इतकं जड काही गेलं नव्हतं.

शकुंतला वाकली. तिने दहीभात वाढला, वर दूध घातलं, लिंबाच्या लोणच्याची फोड ठेवली. आणि रोज विचारायची तसं, खालच्या आवाजात विचारलं.

"साकु?"

पुरे का, एवढंच. अंबूताईंना उत्तर ऐकू आलं नाही. पण शकुंतला पाटाच्या वर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर बघत थांबली होती. मग तिने मान हलवली आणि पळी मागे घेतली.

सगळे खाली बघत बसले. पानावरून बोटं फिरल्याचा आवाज आला, सावकाश, कोपऱ्याकोपऱ्यातून. कितीतरी वेळ येत राहिला. मग पाट पुन्हा करकरला.

पंगत उठली.

मागच्या अंगणात हात धुवायला घंगाळ भरून ठेवलं होतं. मंडळी तिकडे गेली, पण घंगाळापाशी कुणी जाईना. दोन्ही बाजूंना सरून त्यांनी मधे वाट ठेवली. शकुंतला तांब्या घेऊन त्या वाटेने गेली आणि तिने पाण्याची धार धरली. धार सरळ खाली पडली नाही. कुणाच्या ओंजळीवर आपटून उडावं तशी मधेच फुटली आणि थेंब बाजूंना सांडले. तांब्या रिता होईपर्यंत तसंच. नंतर आमराईतला पाचोळा वाजला. एकेक पाऊल पडावं तसा वाजत लांब गेला, आणि मग वाजेनासा झाला.

दिवेलागणीच्या आत सगळे निघाले. विडे घेतले ते बहुतेकांनी हातातच ठेवले. हणमंतराव अंबूताईंच्या पाया पडले आणि तिथेच रडायला लागले. एवढा मोठा वकील, पण त्याला पदराने डोळे पुसून द्यावे लागले. बाळाचार्य जाताना नुसते हात जोडून उभे राहिले. शास्त्राचं एक अक्षर त्यांनी काढलं नाही.

मुकुंदरावांनी देवापुढे समई लावली आणि तिथेच बसून राहिले. अंबूताई आत आल्या तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं.

"जेवला ना?"

"जेवला," अंबूताई म्हणाल्या.

आता बायकांचं जेवण राहिलं होतं. आतल्या खोलीत कंदील ठेवून अंबूताईंनी आपल्यासाठी एक पान मांडलं, पाणी शिंपडलं आणि भाताचं पातेलं आणायला वळल्या. बघतात तर शकुंतला सोप्यात त्या शेवटच्या पानाशी गेलेली.

त्या काळी बायकोने नवऱ्याच्या उष्ट्या पानावर जेवायचं, हा रिवाज घरोघरी होता. आणि मायेचा नवरा असला तर तो पानात तिच्यासाठी काहीतरी गोड ठेवून उठायचा. प्रभंजन डॉक्टर, त्याला हे मुळीच आवडायचं नाही. उष्ट्यातून रोग होतात म्हणून तो रागवायचा. शकुंतला काही ऐकायची नाही. मग त्याने त्यातून वाट काढली होती. जेवायला सुरुवात करायच्या आधीच होळगीचा चतकोर मोडून तो पानाच्या कडेला, हात लागणार नाही असा, तिच्यासाठी ठेवून द्यायचा.

गेलेल्याच्या पानात जेवू नये, त्याने ठेवलेला घास खाऊ नये. जी जेवते ती फार दिवस मागे राहत नाही, त्याच्या वाटेने जाते, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं. आणि शकुंतलाही याच मातीतली, तिलाही ते ठाऊक असणारच. म्हणूनच तर ती त्या पानाशी गेली नव्हती ना? तिला ओढून घ्यावं म्हणून त्या पुढे झाल्या. पण दारातच थांबल्या.

शकुंतलेने पान ओढून उजेडात घेतलं. बघत राहिली. वरून बघितलं, कडेने बघितलं, हात फिरवून बघितलं.

"आत्याबाई... काही ठेवलं नाही हो त्यांनी."

पान धुतल्यासारखं स्वच्छ होतं. शीत नाही, चटणीचा डाग नाही, मीठसुद्धा नाही. शेवटी टाकलेली होळगीही गेली होती.

"माझ्यासाठी काहीच नाही ठेवलं," शकुंतला पुन्हा म्हणाली, आणि मग तिला त्याचा अर्थ लागला, माझ्यामागे येऊ नकोस असंच त्याने सांगितलं होतं. चार वर्षांत ती पोर कुणासमोर रडली नव्हती. ती आता अंबूताईंच्या कुशीत शिरून अशी रडली की देवापुढचे मुकुंदराव उठून दारापर्यंत आले आणि तसेच मागे फिरले.

अंबूताईंनी तिला रडू दिलं. मग तिच्या केसांवरून हात फिरवत, जे इतके दिवस तोंडातून निघत नव्हतं ते त्या बोलल्या.

"तो आता यायचा नाही, शकू. आला, जेवला, गेला. तू बेळगावला जा. संक्रांतीची वाटसुद्धा बघू नकोस. आणि कुंकवाचं काय करायचं ते तुझं तू ठरव. या घरात तुला कुणी बोट दाखवणार नाही, मी बसलेय."

शकुंतलेने त्यांच्या खांद्यावरच मान हलवली. थोड्या वेळाने तिने तोंड धुतलं, स्वतःच्या हाताने ते रिकामं पान गुंडाळलं आणि गाईला घालून आली. अंबूताईंनी तिच्यासाठी नवीन पान मांडलं, तिला त्याच्यापुढे बसवलं आणि भात वाढला. ती भुकेली होती. भुकेल्या माणसासारखी जेवायला लागली. अंबूताईंना बघून बरं वाटलं.

मग त्या आपल्या पानावर येऊन बसल्या. मघाशी पाणी शिंपडून ठेवलेलं पान, त्याला अजून कुणाचा हात लागला नव्हता. त्याच्या कडेला होळगीचा चतकोर होता. नीट मोडलेला, वर तूप.

अंबूताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून टोपलीकडे पाहिलं. टोपली पालथी घातलेली होती. त्यांनी शकुंतलेकडे पाहिलं. ती मान खाली घालून जेवत होती. खिडकीबाहेर आमराईत आता काळोख झाला होता आणि पाचोळा कुठेही वाजत नव्हता.

त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि भाताला हात लावायच्या आधी तो चतकोर उचलून सगळा खाल्ला. होळगी अजून ऊन होती.